इंजिन मागे, रेडिएटर पुढे : एका जुन्या व्हॅनमधील सतरा लिटर पाण्याचा इतिहास

१/
घरासमोरच्या मोकळ्या जागेत चाळीस वर्षांची एक फोक्सवॅगन व्हॅन उभी आहे. उष्णतेचा काटा गेले काही दिवस वर सरकतो आहे, नाकाखाली निळसर पाण्याचे थारोळे साचले आहे. मालकाने नवा रेडिएटर मागवून ठेवला आहे. काम दिसायला सरळ आहे : जुना काढायचा, नवा बसवायचा, पाणी भरायचे. परंतु या गाडीत इंजिन अगदी शेवटी आहे आणि रेडिएटर अगदी पुढे. मध्ये जवळजवळ सगळी गाडी.

२/
कोणताही शहाणा अभियंता कोऱ्या कागदावर अशी रचना काढणार नाही. ती काढली गेलीच नाही. ती घडत गेली. १९८० च्या दशकाच्या आरंभी एका निर्णयाने पाणी अशा गाडीत शिरले, जिचा सगळा कुळाचार पाण्याशिवाय चालण्याचा होता. घरच्या अंगणात जॅक लावून बसलेल्या माणसाला जो त्रास होतो, त्याचे मूळ त्या निर्णयात आहे. आणि त्या निर्णयाचे मूळ त्याच्याही जवळजवळ शंभर वर्षे मागे. #थ्रेड

३/
ऑगस्ट १८८८. बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना, ऑयगेन आणि रिचर्ड यांना घेऊन, नवऱ्याला न सांगता मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी निघाल्या. वाहन कोणते, तर कार्ल बेंझ यांची तीन चाकी मोटारगाडी. अंतर सुमारे १०० किलोमीटर. व्हीसलोखच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी इंधन विकत घेतले, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. त्या प्रवासात इंधनाहून अधिक वेळा काय घ्यावे लागले, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

४/
पाणी. विहीर, ओढा, पाणवठा, जे मिळेल तेथे गाडी थांबवून पाणी भरावे लागे. कारण बेंझ यांच्या गाडीला आजच्या अर्थाचा रेडिएटर नव्हताच. सिलिंडरभोवती पाणी असे, ते उकळे आणि वाफ होऊन हवेत निघून जाई. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही युक्ती वाईट नाही. एक लिटर पाणी साधारण तापमानापासून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साडेसहा पटींहून अधिक उष्णता त्याची वाफ करण्यात खर्ची पडते. अडचण एकच : गेलेले पाणी परत येत नाही.

५/
म्हणजे पहिल्या मोटारगाड्यांपुढचा प्रश्न असा होता : उष्णता बाहेर टाकायची, पण पाणी घरात ठेवायचे. इंधन जाळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग शीतनव्यवस्थेलाच वाहून न्यावा लागतो. तो बाहेर गेला नाही, तर तेल पातळ होते, पिस्टन सिलिंडरला धरतो आणि इंजिन जागच्या जागी बंद पडते.

६/
गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८९ च्या आपल्या गाडीत मजेदार उपाय केला : चौकटीच्या पोकळ नळ्यांमधूनच पाणी फिरवले. गाडीचा सांगाडा हाच तिचा रेडिएटर. छोट्या इंजिनाला ते पुरले. इंजिने मोठी होऊ लागली, तसे पुरेनासे झाले.

७/
खरे वळण आले ते १९०० साली. एमिल येलिनेक हा डाइमलर गाड्यांचा बडा ग्राहक आणि विक्रेता. त्याला वेगवान, बुटकी, दमदार गाडी हवी होती. तिला त्याने आपल्या मुलीचे नाव दिले, मर्सिडीज. ३५ अश्वशक्तीचे इंजिन थंड ठेवण्याचा भार मायबाखवर पडला. त्याने ६ मिलिमीटर रुंद अशा ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींशेजारी रचून, डाख देऊन जोडल्या. नळ्यांच्या आतून हवा जाई, त्यांच्यामधल्या अरुंद फटींतून पाणी उतरे. समोरून पाहिल्यावर ते मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसे, आणि जर्मन भाषेत त्याला नावही तेच पडले.

८/
परिणाम थक्क करणारा होता. आधीच्या रचनेला जेवढे पाणी लागे, त्याच्या सुमारे निम्म्यात, म्हणजे नऊ लिटरांत काम भागले. मार्च १९०१ मध्ये नीस येथील शर्यतींत या गाडीने बाकीच्यांना मागे टाकले. मोटारीला 'चेहरा' मिळाला तोही तेव्हाच. पुढची साठ-सत्तर वर्षे मोटारीचा चेहरा म्हणजे रेडिएटरचे तोंड, हे समीकरण टिकले.

९/
नऊ लिटर हा आकडा लक्षात असू द्यावा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

१०/
रेडिएटर हे नाव मात्र फसवे आहे. 'रेडिएट' करणे म्हणजे किरणांनी उष्णता टाकणे. रेडिएटर ते फारच थोडे करतो. बहुतांश उष्णता जाळीतून वाहणारी हवा उचलून नेते. म्हणून रेडिएटरला हवे असते ते वारा लागणारे तोंड. गाडीच्या नाकाशी तो बसतो, यात सौंदर्यदृष्टीपेक्षा वाऱ्याची गरज अधिक.

११/
पाणी घरात ठेवण्याचा प्रश्न सुटला, तसा दुसरा उभा राहिला : हिवाळा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, आणि ओतीव लोखंडाला ते फुगणे सोसत नाही. रात्री गाडी बाहेर राहिली की सकाळी इंजिनाला तडा. युरोप-अमेरिकेतले जुने मोटारवाले थंडीच्या रात्री रेडिएटर रिकामा करत आणि सकाळी कढत पाणी भरत. कोणी पाण्यात मद्यार्क मिसळे, कोणी ग्लिसरीन. मद्यार्क उडून जाई, ग्लिसरीन थंडीत घट्ट होई.

१२/
उत्तर रसायनशास्त्राच्या कपाटात आधीच पडून होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-अदोल्फ व्यूर्त्स याने १८५० च्या दशकात इथिलीन ग्लायकॉल तयार केले होते. कितीतरी वर्षे त्याचा कोणाला फारसा उपयोग नव्हता. १९२७ पासून अमेरिकेत 'प्रेस्टोन' या नावाने ते मोटारींसाठी विकले जाऊ लागले. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण उणे ३५ अंश सेल्सियसच्याही खाली गोठत नाही, आणि उकळतेही थोड्या वरच्या तापमानाला. आज ज्याला गॅरेजमध्ये 'कूलंट' म्हणतात, ते प्रामुख्याने हेच.

१३/
या द्रवाचा एक घातकी गुण येथेच सांगायला हवा. ते चवीला गोड असते आणि विषारी असते. शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होते, आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. अंगणात सांडलेले कूलंट कुत्र्यामांजरांनी चाटले तर ती दगावतात. घरी रेडिएटर बदलणाऱ्याने सर्वप्रथम मोठे, पसरट, न गळणारे भांडे शोधावे लागते ते यासाठी, पाना नंतर.

१४/
परंतु १९३० च्या दशकातल्या जर्मनीत सामान्य माणसाला ग्लायकॉल परवडणे दूरच, गाडी ठेवायला छप्परही नव्हते. फर्डिनांड पोर्श यांनी 'लोकांची गाडी' रेखाटली तेव्हा पाण्याचा प्रश्न मुळातूनच उपटून टाकला. इंजिन मागे, चार सिलिंडर दोन-दोन असे आडवे झोपलेले, आणि त्यांवर पंख्याने हवेचा झोत. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होज पाइप नाही, गोठणे नाही, उकळणे नाही. ही गाडी नाझी राजवटीच्या प्रचाराचे साधन होती, हेही विसरता येत नाही. तिच्यासाठी पैसे भरणाऱ्या लाखो सामान्य जर्मनांच्या हाती ती आली नाही. कारखाना युद्धसामग्रीकडे वळला आणि तेथे वेठीने आणलेल्या मजुरांकडून काम करून घेतले गेले.

१५/
युद्ध संपले. वोल्फ्सबुर्गचा कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात आला. तेथे भेट देणाऱ्या बेन पोन या डच व्यापाऱ्याने माल वाहणाऱ्या ओबडधोबड घरगुती गाड्या कारखान्यात फिरताना पाहिल्या, आणि २३ एप्रिल १९४७ रोजी वहीच्या पानावर एक खोका काढला : चालक सर्वांत पुढे, इंजिन सर्वांत मागे, मध्ये माल. मार्च १९५० मध्ये त्याच कल्पनेची व्हॅन उत्पादनात आली.

१६/
येथे थोडे आडवाटेला जाणे भाग आहे, कारण ही वाट थेट पुण्याला जाते.

१७/
फोक्सवॅगनच्या व्हॅनच्या आधीच, १९४९ साली, हांबुर्गजवळच्या हारबुर्ग येथील 'विडाल अँड सोन' या कंपनीने 'टेम्पो मॅटाडोर' नावाची मालवाहू गाडी काढली. तिच्यात इंजिन होते फोक्सवॅगनचेच, हवेने थंड होणारे. फक्त पुढच्या बाजूला बसवलेले. स्वतःची व्हॅन बाजारात आल्यावर प्रतिस्पर्ध्याला इंजिने पुरवत राहण्यात फोक्सवॅगनला स्वारस्य उरले नाही. १९५२ साली पुरवठा थांबला. मॅटाडोरला पाण्याने थंड होणारी इंजिने शोधावी लागली, आणि त्यांच्याबरोबर रेडिएटर आला.

१८/
याच विडाल कंपनीच्या सहकार्याने नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पोची स्थापना केली. आधी तीन चाकी 'हॅन्सीट', पुढे १९६९ पासून आकुर्डीची मॅटाडोर. नंतरच्या मॅटाडोरमध्ये मर्सिडीज-बेंझच्या रचनेचे डिझेल इंजिन बसले. म्हणजे ज्या दोन नावांपासून ही कथा सुरू झाली, त्यांच्या वारसाचे इंजिन वऱ्हाड घेऊन घाट चढू लागले. भाजी, शाळेची मुले, गणपती, सारे काही मॅटाडोरमधून गेले. कंपनीचे नाव तर मराठीत सामान्यनामच झाले : आज कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी 'टेम्पो'च.

१९/
मराठी माणसाला रेडिएटर ठाऊक आहे तो या गाड्यांमुळे आणि घाटांमुळे. खंडाळ्यात किंवा कसाऱ्यात 'गाडी तापली' म्हणून कडेला लागलेली वाहने, बोनेटमधून येणारी वाफ, आणि ओले पोते हाताला गुंडाळून झाकणाशी झुंजणारा क्लीनर. त्या पोत्यामागे शास्त्र आहे. दाबाचे झाकण मोटारींत आले १९३० च्या दशकात. आत सुमारे एक बार जादा दाब राहिला की पाणी शंभराऐवजी साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडले की दाब क्षणात जातो, आणि तेच पाणी एकदम उसळून तोंडावर येते. गरम इंजिनाचे झाकण उघडणे हा आजही घरगुती दुरुस्तीतला सर्वांत महागात पडणारा उतावळेपणा.

२०/
आता परत मूळ व्हॅनकडे.

२१/
हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा साधेपणा हा केवळ कारखान्याचा फायदा नव्हता, मालकाचाही होता. जॉन म्यूर नावाच्या अमेरिकी अभियंत्याने १९६९ साली न्यू मेक्सिकोतल्या सांता फे येथून फोक्सवॅगन घरी दुरुस्त करण्याचे पुस्तक काढले. ज्याने आयुष्यात पाना धरला नाही अशा माणसाला उद्देशून, पीटर अशवांडन याच्या चित्रांसह, ते लिहिलेले होते. व्हॅनमधून भटकणाऱ्या एका सबंध पिढीने ते जवळ बाळगले. त्या पुस्तकात रेडिएटर बदलण्याची कृती असण्याचे कारणच नव्हते.

२२/
त्याच सुमारास ब्रिटनमध्ये जॉन हेन्स याने घरी गाडी दुरुस्त करणाऱ्यांसाठी पुस्तकांची मालिका सुरू केली होती. हेन्सचा जन्म १९३८ साली सिलोनमधला. हवाई दलात नोकरीला असताना एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट सुटी करून जोडताना त्याने प्रत्येक पायरीची छायाचित्रे काढली. पहिले पुस्तक १९६६ साली त्याच गाडीवर निघाले. कारखान्यांची अधिकृत पुस्तके कुशल कारागिरांसाठी असत. हेन्सची पद्धत निराळी : लेखकाने गाडी स्वतः सुटी करायची, पुन्हा जोडायची, मग लिहायचे. शनिवार-रविवारी अंगणात गाडी खोलण्याचा जो आत्मविश्वास पाश्चात्त्य मध्यमवर्गात आला, त्यात अशा पुस्तकांचा वाटा मोठा.

२३/
दरम्यान हवेचे दिवस भरत आले होते. पंख्याचा झोत इंजिनाचे तापमान स्थिर ठेवू शकत नाही. चढाला ते खूप तापते, उताराला निवते. त्यामुळे धूर, इंधन आणि आवाज या तिन्ही बाबतींत पाण्याचे इंजिन सरस ठरते. पाण्याचे आवरण आवाजही शोषते. १९७० च्या दशकात धुराचे नियम कडक होऊ लागले आणि तेल महागले. फोक्सवॅगनने १९७३ साली पसाट आणि १९७४ साली गोल्फ या पाण्याने थंड होणाऱ्या, पुढे इंजिन असलेल्या गाड्या काढल्या. १९७८ च्या आरंभी जर्मनीतले बीटलचे उत्पादन थांबले.

२४/
व्हॅनची तिसरी पिढी मात्र १९७९ साली जुन्याच विचाराची निघाली : इंजिन मागे, हवेने थंड होणारे. अमेरिकेत तिचे नाव 'व्हॅनागॉन'. तीन वर्षांतच ते इंजिन कालबाह्य ठरले. संपूर्ण गाडी नव्याने आखणे परवडणारे नव्हते. तेव्हा तडजोड झाली.

२५/
आधी १९८१ मध्ये गोल्फच्या जातीचे डिझेल इंजिन मागच्या खोबणीत तिरके झोपवून बसवले गेले. मग १९८२ च्या शरदात आले ते 'वासरबॉक्सर' : तेच जुने आडवे चार सिलिंडर, पण आता भोवती पाणी. आडवी रचना ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण इंजिनावरच सामानाची फळी होती आणि तेथे उंचीच नव्हती. पाणी थंड करायला वारा हवा, आणि वारा फक्त नाकाशी. म्हणून व्हॅनच्या तोंडाला एक जादा जाळी आली, तिच्यामागे रेडिएटर आला, आणि गाडीच्या पोटाखालून दोन लांब नळ्या मागच्या इंजिनापर्यंत गेल्या.

२६/
त्या नळ्या, इंजिन, रेडिएटर, पुढचा हीटर, अनेक गाड्यांत मागच्या बाकाखालचा दुसरा हीटर, हे सारे मिळून या गाडीत सुमारे १७ लिटर कूलंट मावते. मायबाखने १९०१ मध्ये ३५ अश्वशक्तीला नऊ लिटर पुरवले होते. त्यानंतर ऐंशी वर्षांनी, दुपटीहून थोड्या अधिक शक्तीच्या इंजिनाला जवळजवळ दुप्पट पाणी लागू लागले. त्यातले कितीतरी केवळ जाण्यायेण्याच्या वाटेवर असते. तडजोडीची किंमत कधी कधी अशी लिटरमध्ये मोजता येते.

२७/
आता अंगणातला तो माणूस. रेडिएटर बाहेर काढणे हे या कामातले अवघड अंग नव्हे. बॅटरीची तार सोडायची. नाकाखाली ट्रेमध्ये आडवी ठेवलेली स्टेपनी उतरवायची. पुढच्या जाळ्या काढायच्या. पूर्ण निवलेल्या गाडीतून कूलंट भांड्यात घ्यायचे. ते संपता संपत नाही, पहिल्यांदा करणाऱ्याला भांडे हमखास अपुरे पडते. होज पाइप, फॅनच्या आणि तापमानाच्या स्विचच्या तारा, खालचे कंस, आणि मग जड रेडिएटर फॅनसकट खाली उतरतो. पोटाखाली शिरायचे असल्याने गाडी केवळ जॅकवर सोडून चालत नाही; खाली भक्कम स्टँड लावावे लागतात.

२८/
जुना रेडिएटर हातात आल्यावर आणखी एक इतिहास दिसतो. मायबाखपासून सत्तर वर्षे रेडिएटर तांब्या-पितळेचे होते. जाळीला भोक पडले की कारागीर डाख देऊन ते बुजवी, गंजलेली नळी दोन्ही टोकांना बंद करी, टाकी उघडून आतले क्षार काढी. भारतात गावोगावी असे रेडिएटरवाले होते आणि काही ठिकाणी आहेत. रेडिएटर बदलणे ही चैन होती. तो दुरुस्त होई.

२९/
१९७० च्या दशकापासून ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या. वजन घटले, खर्च घटला. टाकी आणि जाळी यांच्यामध्ये रबराची पट्टी, आणि जाळीच्या कडेचे दात दुमडून टाकी घट्ट धरलेली. वर्षानुवर्षे तापून-निवून प्लॅस्टिक ठिसूळ होते, त्याला चीर जाते. त्या चिरेवर डाख चालत नाही. कारागिराचे कौशल्य जेथे संपले, तेथे सुटा भाग मागवून घरी बसवणारा मालक उभा राहिला. 'दुरुस्ती'ची जागा 'बदलणे' या क्रियापदाने घेतली ती येथे. यात मालकाच्या हाताला काम मिळाले हे खरे, आणि चौकातल्या रेडिएटरवाल्याच्या हातचे गेले हेही खरे.

३०/
नवा रेडिएटर बसला, पाइपांना नव्या क्लिपा लागल्या. येथून खरी परीक्षा सुरू होते : हवा काढणे.

३१/
सतरा लिटरांची ही वाट सपाट नाही. इंजिनातून पाणी खाली उतरते, पोटाखालून पुढे येते, नाकाशी पुन्हा वर चढते. रिकाम्या व्यवस्थेत पाणी भरताना प्रत्येक उंचवट्याशी हवेचा बुडबुडा अडकतो, आणि सर्वांत मोठा बुडबुडा रेडिएटरच्या माथ्याशी बसतो. पाणी भरायचे तोंड मात्र मागे, नंबरप्लेटच्या झडपेआड. मागून कितीही ओतले, तरी पुढची हवा हलत नाही. मेकॅनिकच्या भाषेत : गाडीने हवा धरली.

३२/
बुडबुडा निरुपद्रवी नसतो. पंप हवा ढकलू शकत नाही. तो नुसता फिरतो आणि पाणी जागीच थांबते. इंजिन तापते, पण तापमान सांगणारा काटा पाण्यावर अवलंबून. त्याच्याशी वाफच असेल तर तो वेळेवर खरे सांगेलच असे नाही. वासरबॉक्सरची हेडे ॲल्युमिनियमची, आणि पाण्याचे आवरण बंद करणारे त्यांचे गॅस्केट रबराचे. जादा तापले की हेड वाकते, गॅस्केट जाते. एका बुडबुड्यापायी रेडिएटरच्या कितीतरी पट खर्चाचे इंजिन हातचे जाऊ शकते. घरच्या कामात पणाला लागलेले असते ते हे.

३३/
कारखान्यालाही हे ठाऊक होते, म्हणून रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात हवा काढण्याचा एक स्क्रू ठेवलेला आहे. रीत अशी : गाडीचे नाक सुमारे ४० सेंटिमीटर उचलायचे, म्हणजे रेडिएटरचा माथा सगळ्या वाटेतला सर्वांत उंच बिंदू होतो. पुढचा-मागचा हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, नाही तर त्यांच्यातली हवा तेथेच राहते. काही इंजिनांवर आणखी एक झडप असते, तीही उघडायची. मागून कूलंट भरत राहायचे, कोणीतरी इंजिन २,००० फेऱ्यांवर धरून ठेवायचे, आणि नाकाशी बसलेल्याने स्क्रू सैल करून पाहत राहायचे. आधी नुसता फुसकारा, मग फेस, मग हवा-पाण्याची खोकत येणारी धार.

३४/
हे काम एकट्याचे नाही. एक माणूस मागे कॅन घेऊन, एक चालकाच्या जागी, एक पुढे. सगळे अंतर ओरडून बोलण्याचे. बहुधा घरातलेच कोणी तरी अशा वेळी हाताशी घेतले जाते. चार सिलिंडर आणि त्यांचा रेडिएटर जवळजवळ असते, तर हे सगळे एकट्याला, खाली न वाकता जमले असते.

३५/
कूलंट कोणते भरायचे, यालाही इतिहास आहे. फॉस्फेट असलेल्या चुकीच्या द्रवाने या ॲल्युमिनियमच्या हेडांची कड खाल्ली जाते. म्हणून फोक्सवॅगनने फॉस्फेटविरहित कूलंटचा आग्रह धरला. नुसते नळाचे पाणी भरले तर क्षार साचतात आणि गंजही चढतो. शुद्ध केलेले पाणी आणि योग्य कूलंट निम्मे-निम्मे, एवढे पथ्य पाळावे लागते.

३६/
जर्मनीत ही व्हॅन १९९० च्या सुमारास बंद झाली. पुढच्या पिढीत इंजिन पुढे आले आणि रेडिएटर त्याच्या शेजारी. दक्षिण आफ्रिकेत मात्र मागच्या इंजिनाची व्हॅन २००२ पर्यंत बनत राहिली. ब्राझीलमध्ये तर त्याहून जुनी पिढी, हवेच्या इंजिनाची 'कोम्बी', डिसेंबर २००५ पर्यंत टिकली. तेथेही अखेर धुराच्या नियमांमुळे मागे पाण्याचे इंजिन आले, आणि पन्नास वर्षे कोऱ्या राहिलेल्या तिच्या गोल चेहऱ्यावर रेडिएटरची काळी जाळी बसली. २०१३ च्या अखेरीस ती बंद होईपर्यंत ती जाळी उपरीच दिसत राहिली.

३७/
अंगणात स्क्रूमधून आता अखंड, बुडबुडा नसलेली धार येते. स्क्रू आवळला जातो, मागचे झाकण लागते, नाक खाली येते. फॅन आपोआप सुरू होतो की नाही, हे इंजिन चालू ठेवून पाहिले जाते. जुने कूलंट झाकण असलेल्या कॅनमध्ये, संकलन केंद्राकडे न्यायला, वेगळे ठेवले जाते. जमिनीवर सांडलेले भुसा टाकून टिपून घेतले जाते. थोडीशी फेरी मारून गाडी रात्रभर निववली जाते. सकाळी नंबरप्लेटची झडप उघडल्यावर पातळी दोन बोटे उतरलेली आढळते, तेवढे कूलंट वरून घातले जाते.